शेतीचा फॅमिली ट्रस्ट केला की इन्कम टॅक्स वाचतो का?

बागायतदार घरांतून हा प्रश्न आम्हाला वारंवार येतो. पिकाचं उत्पन्न आयकर कायद्यानुसार मुळातच करमुक्त आहे, त्यासाठी ट्रस्ट लागत नाही. मात्र ते ५,००० रुपयांवर असेल आणि पगार-धंद्याची कमाईही करपात्र असेल, तर दर ठरवताना ते मोजतात.

खरी अडचण इतर कमाईची. दूध, कोंबड्या, लग्नाला भाड्याने दिलेलं फार्महाऊस, ही शेती नव्हे; ट्रस्टच्या नावावर टाकली तरी होत नाही. उलट डीडमध्ये कोणाचा किती वाटा हे लिहिलं नसेल, तर अशा उत्पन्नावर साधारणपणे सर्वांत वरचा दर लागतो. ट्रस्ट मोडायचा हक्क वडिलांनी स्वतःकडे ठेवला, तर उत्पन्न वडिलांचंच धरतात.

हिंदू अविभक्त कुटुंबाची वेगळी फाइल आपल्याला मिळत नाही, म्हणून काहीजण वक्फ-अलल-औलाद सुचवतात. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ अवैध ठरवला होता. जिनांनी पुढे नेलेल्या १९१३ च्या कायद्याने तो मान्य झाला. पण लाभ घरच्यांचा, त्यामुळे धर्मादाय संस्थेची करसवलत नाही. शिवाय जमीन कायमची अडकते. आणि २०२५ च्या दुरुस्तीनुसार अशा वक्फने वारसांचा, विशेषतः स्त्रियांचा, हक्क डावलता येत नाही.

आमच्या मते ‘टॅक्ससाठी’ केलेल्या कागदात बहिणींचीच नावं आधी गळतात. सीएकडे जाताना सातबाऱ्यासोबत सगळ्या वारसांची यादी न्या, सासरी गेलेल्या बहिणींसकट.