हेलियमची रेषा : जमखिंडी, विजयदुर्ग आणि गुरू

हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला, ही समजूत महाराष्ट्रात दृढ आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण नॉर्मन लॉकयर यांनी तेथील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून पाहिले, असे सांगितले जाते. तथापि लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच दिवशी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून ग्रहणाचे वेध घेतले. दोन ग्रहणांच्या आठवणी लोकस्मृतीत एकवटल्या, इतकेच.

१८६८ चे ग्रहण मराठी मुलखाला परके मात्र नव्हते. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल याने वर्णपटदर्शकातून सौर ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. पैकी नारिंगी रेषा त्याला सोडियमच्या ‘डी’ रेषेच्या जागी भासली. गुंटूर येथे झान्सेन याने या रेषा ग्रहणावाचूनही दिसतील हे ताडले. २० ऑक्टोबर रोजी लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले, आणि ती पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले. पृथ्वीवर हा वायू रॅमसे यांना १८९५ साली सापडला. रेषा दिसणे आणि रेषेचा अर्थ लागणे, या दोन भिन्न घटना होत.

गुरूच्या वातावरणाचा इतिहास याच भेदाची साक्ष देतो. रेणू आपापल्या कंपनांनुसार ठराविक तरंगलांबीचे प्रारण शोषतात वा उत्सर्जित करतात. यावरूनच १९३२ साली विल्ट याने गुरूच्या वर्णपटातील पट्टे मिथेन व अमोनियाचे असल्याचे ओळखले. १९८९ मध्ये गुरूच्या ध्रुवीय प्रदेशांतून येणाऱ्या अवरक्त रेषांत हायड्रोजनच्या तीन अणूंचा आयन ओळखू आला, आणि उच्च वातावरणाच्या अभ्यासास नवे साधन लाभले.

हेलियम मात्र एकाकी अणू. त्यास रेणूसारखे कंपन नाही, म्हणून अवरक्त वर्णपटात तो मूकच राहतो. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी त्याचा माग अप्रत्यक्षपणे काढला. हेलियमशी टक्कर होताना हायड्रोजनचे रेणू अवरक्त प्रारण वेगळ्या तऱ्हेने शोषतात. त्यावरून हेलियमचे वस्तुमान सुमारे १८ टक्के ठरले. १९९५ साली गॅलिलिओचे शोधयान प्रत्यक्ष वातावरणात उतरले, तेव्हा हा आकडा सुमारे २३ टक्के निघाला.

गुरूवरील आकडा प्रत्यक्ष मापनाने सुधारला गेला. विजयदुर्गाची तारीखही तशीच सुधारावयास हवी. त्याने ओट्यांचे महत्त्व उणावत नाही. १८९८ च्या वेधांचे ते खरेखुरे साक्षी होत.