सभासद कोण? सहकारातल्या बायका आणि सातबारा

नवी मुंबईत फ्लॅट असेल, तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एकदा काढून बघा. त्यावर ज्याचं नाव, त्याचं मत. आपल्या गृहनिर्माण सोसायट्या, गावाकडचे साखर कारखाने आणि दूध संस्था एकाच कायद्याखाली येतात : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. मी ग्रामीण सहकारातल्या स्त्री नेतृत्वावर पीएचडी करतेय. विषय सांगितला की लोक विचारतात, "बायका पुढे का येत नाहीत?" मला वाटतं, त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे : सभासद कोण होऊ शकत होतं?

प्रवरेचं उदाहरण घेऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि राज्यभर तोच नमुना झाला. इथे सभासद म्हणजे ऊस उत्पादक, आणि उत्पादक कोण ते ठरवणार सातबारा. लागण, खुरपणी बाईने केली तरी उताऱ्यावर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. नाव नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून मत नाही. मग संचालक होणार कुठून? गंमत म्हणजे कायद्यात बाईला कुठेही मनाई नव्हती! तिला बाहेर ठेवायला मनाईची गरजच पडली नाही.

म्हणून माझ्या प्रबंधात सहकाराबाहेरच्या दोन घटना महत्त्वाच्या ठरतात. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. त्यानंतर काही वर्षांतच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली : नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करायचा. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. केंद्राचा तसा कायदा २००५ चा. म्हणजे सभासद यादीचं दार सातबाऱ्याकडून थोडं किलकिलं झालं.

दुसरी वाट सातबाऱ्याला वळसा घालून गेली. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायकांपैकी काही निरक्षर, अंगठा लावणाऱ्या. म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. काही महिन्यांनी बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशोब सांगा, तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. इथे सभासद व्हायला जमीन लागत नाही, स्वतःच्या नावाचा शेअर पुरतो. त्यामुळे नेतृत्वही बायकांचंच उभं राहिलं.

आता संचालक मंडळात महिलांसाठी राखीव जागा आहेत. ९७ व्या घटनादुरुस्तीने दोन जागांची तरतूद केली. चांगलंच आहे. पण आरक्षण मंडळात आहे, सभासद यादीत नाही. यादीत बायका मोजक्याच असतील तर त्या जागेवर कोण बसणार हे घरातच ठरतं, आणि मग "वहिनींच्या नावाने साहेबच बघतात" असं ऐकू येतं.

म्हणून माझा आग्रह आहे की संस्थेत किती बायका संचालक आहेत हे मोजण्याआधी सभासद नोंदवही उघडावी. सुरुवात आपल्या सोसायटीपासूनही करता येईल.