जीजा यानिन : थाई मारधाडपटांची नायिका

२००३ च्या ‘ओंग-बाक’ने थाई मारधाडपटांना जगभर नाव मिळवून दिले. नायक होता टोनी जा, दिग्दर्शक प्रच्या पिनकेव. त्याच दिग्दर्शकाने पुढे १९८४ साली बँकॉकमध्ये जन्मलेल्या यानिन विस्मितानंद हिला निवडले. (आडनावातला ‘विस्मित’ संस्कृतातूनच तिकडे गेलेला.) पडद्यावरचे तिचे नाव ‘जीजा’.

अकराव्या वर्षापासून तायक्वांदो शिकलेल्या जीजाने पन्ना रित्तिक्राय या साहसदृश्यांच्या गुरूकडे काही वर्षे कसून तालीम केली. २००८ मध्ये ‘चॉकलेट’ आला. त्यातली स्वमग्न झेन टोनी जाचे चित्रपट पाहून लढणे शिकते आणि आजारी आईच्या उपचारांसाठी जुनी येणी वसूल करू लागते. कथा बेताचीच, परंतु इमारतीच्या बाहेरील कठड्यांवर, मजल्यामागून मजला चालणारी अखेरची झुंज विसरता येत नाही. श्रेयनामावलीसोबत चित्रीकरणातील खऱ्या दुखापतीही दाखवल्या आहेत. तेथे प्रेक्षकाचे हसू मावळते.

२००९ च्या ‘रेजिंग फीनिक्स’मध्येही नायिका तीच. २०१३ च्या ‘टॉम यम गूंग २’मध्ये मात्र, झेनने ज्याला पाहून लढणे शिकले त्या टोनी जाशेजारी, तिच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली, दिग्दर्शक पुन्हा प्रच्या पिनकेवच.