पाणी किती फुटांवर?

सांगली-कोल्हापूरकडे पावसाळ्यात फोन केला, की ख्यालीखुशालीच्या आधी पाण्याचा आकडा ऐकू येतो. सांगलीचा १९२९ सालचा आयर्विन पूल ही कृष्णाकाठची मोजपट्टी. ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३.

याहून जुनी पट्टी नरसोबाच्या वाडीची. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या दत्तमंदिरात पावसाळ्यात पाणी शिरते. पादुकांवरून वाहत ते दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा, आणि स्नानाला ही गर्दी! पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. दुकानेही वर सरकतात. आमच्या व्यवसायात याला डिझास्टर रिकव्हरी म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात.

कृष्णा चढायला निदान वेळ घेते. इथे फ्रिस्कोत घर घेताना पूरक्षेत्राचा नकाशा पाहिला, की आपला पुराशी संबंध संपतो. पण याच टेक्ससमध्ये ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. खालच्या अंगाच्या कम्फर्ट गावात भोंगे होते. ते वाजले, लोक निघाले, तिथे कोणी दगावले नाही.

मग वेळ मिळूनही आपल्याकडची माणसे अडकतात का? माझ्या मते उत्तर गोठ्यात आहे. दारची म्हैस सोडून कोण निघेल? १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीकरांना सोनतळीला उंचावर भूखंड मिळाले. पण शेती आणि जनावरे नदीकाठी, म्हणून बरेचजण जुन्या गावातच राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या खुणेवर विसंबलेल्यांचा हिशेब चुकला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जण बुडाले.

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी २०१९ पेक्षाही वर गेले. पण त्या वेळी अनेक गावांनी माणसांबरोबर जनावरेही आधीच हलवली होती. जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा ४३ फूट ओलांडले, तेव्हाही चिखलीकर गुरे घेऊन सोनतळीला गेले. पाणी ओसरल्यावर परत खाली आले.