काचेवरील जलप्रतिसारक प्लाझ्मा लेपन

काचेवरील जलप्रतिसारक प्लाझ्मा लेपन म्हणजे कमी दाबाच्या वायूत विद्युत विसर्जन घडवून काचेवर पाणी न धरणारा अतिशय पातळ थर बसवण्याची प्रक्रिया होय. असा थर सामान्यतः काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर जाडीचा असतो.

तत्त्व

स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट पाण्याला आकर्षित करतात. त्यामुळे पाणी तिच्यावर पसरते. थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन म्हणजे स्पर्शकोन. तो ९० अंशांहून अधिक असल्यास पृष्ठभाग जलप्रतिसारक आणि १५० अंशांहून अधिक असून थेंब सहज घरंगळत असल्यास अतिजलप्रतिसारक मानतात. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर मेणासोबत सूक्ष्म खडबडीतपणाही असतो. गुळगुळीत पृष्ठभागावर केवळ रासायनिक बदलाने स्पर्शकोन सुमारे १२० अंशांपलीकडे जात नाही.

प्रक्रिया

काच धुऊन निर्वात कोठीत ठेवतात. प्रथम ऑक्सिजन किंवा आरगॉनच्या प्लाझ्माने तिच्यावरील सेंद्रिय मळ काढतात. या टप्प्यावर काच उलट अधिक जलस्नेही होते. त्यानंतर हेक्झामिथिलडायसिलॉक्झेनसारख्या संयुगाची वाफ सोडतात. प्लाझ्मात तिचे रेणू तुटतात आणि त्यांचे तुकडे काचेवर जोडले जाऊन मिथिल गटयुक्त थर तयार होतो. वाफेत ऑक्सिजनचे प्रमाण वाढवल्यास मिथिल गट जळून जातात व थर सिलिकासारखा जलस्नेही बनतो. या शीत प्लाझ्मात इलेक्ट्रॉन अतितप्त असले तरी वायू तुलनेने थंड राहतो, म्हणून काच फारशी तापत नाही.

अन्य पद्धती

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव व सहकाऱ्यांनी सोल-जेल पद्धतीने अतिजलप्रतिसारक सिलिका थरांवर संशोधन केले. त्या पद्धतीत द्रावणे लागतात. प्लाझ्मा पद्धत कोरडी असते, परंतु तिला निर्वात यंत्रणा लागते.

उपयोग व मर्यादा

वाहनांच्या काचा, भिंगे व सौर पॅनेल यांवर असे थर उपयोगी ठरू शकतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा टंचाईग्रस्त भागात पॅनेल कमी पाण्यात स्वच्छ होणे महत्त्वाचे असते. मात्र घरंगळणारा थेंब धूळ वाहून नेतो, थर स्वतः कोरडी धूळ हटवत नाही. त्यामुळे पाऊस किंवा दव नसताना लाभ मर्यादित राहतो. वाळूचे घर्षण व अतिनील किरण यांनी थर झिजतो, तर खडबडीतपणा वाढल्यास प्रकाश विखुरून काचेची पारदर्शकता घटते.