आतल्या दाराचं कुत्रं

म्हापशाच्या एखाद्या बंगल्यात डोळ्यांवर झुलपं आलेलं बुटकं 'ल्हासा' भुंकत पुढे आलं, की त्याच्या पाठोपाठ हे मठांतलं, लामांचं पवित्र कुत्रं असल्याची गोष्टही येते. गोव्याला तिबेट तसं परकं नाही. इथला जेझुइट आंतोनियो द आंद्राद 1624 मध्ये तिबेटमधल्या त्सापरांगला पोचला होता आणि 1634 मध्ये गोव्यातच वारला. पण या कुत्र्याची आज ऐकू येणारी कहाणी त्या वाटेने उतरलेली नाही. तिला आकार दिला तो विसाव्या शतकातल्या केनेल क्लबांच्या वह्यांनी. तिबेटमधून आलेल्या केसाळ कुत्र्यांना साहेबाने सरसकट 'ल्हासा टेरियर' म्हटलं. टेरियर म्हणजे बिळात घुसून शिकार काढणारं कुत्रं, आणि या प्राण्याचा बिळाशी कसलाही संबंध नाही! 1934 मध्ये इंग्लंडात तिबेटी जातींची संघटना निघाली, तेव्हा कुठे मोठं ते तिबेटन टेरियर आणि छोटं ते ल्हासा अप्सो अशी वाटणी झाली. अमेरिकेत तर 1935 मध्ये नोंदलेलं हे कुत्रं 1956 पर्यंत टेरियरांच्याच गटात बसून होतं.

यावर कुणी म्हणेल, नावं नवी असली तरी रक्त जुनंच आहे. खरंच आहे. 2004 मध्ये 85 जातींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा ल्हासा अप्सो लांडग्याला जवळच्या, प्राचीन गटात निघालं. मात्र वंश जुना असल्याने मठाचा दाखला मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. तेराव्या दलाई लामांनी 1933 मध्ये कटिंग या अमेरिकन प्रवाशाला ही कुत्री भेट दिली, मग ती पवित्र नव्हेत का? पण भेट म्हणून माणूस मोलाची वस्तू देतो, ती देवाचीच असावी लागत नाही. शिवाय कानपूरला डॉक्टरकी करणाऱ्या ॲग्नेस ग्रेग यांना 1920च्या दशकात तिबेटन टेरियरचं पहिलं पिल्लू मिळालं ते उपचार घेतलेल्या तिबेटी कुटुंबाकडून. म्हणजे मठाबाहेर, संसारी घरांतही अशी केसाळ कुत्री नांदत होती.

त्या घरांत त्यांना कामही होतं. बाहेर साखळीला अजस्र मास्टिफ, आत हे तीक्ष्ण कानांचं छोटं कुत्रं. चाहूल लागताच याने ओरडायचं, पुढचं मास्टिफने बघायचं. अनोळख्याचा संशय, हट्टीपणा, एकाच माणसाचा लळा, हे सगळे गुण त्या नोकरीचे आहेत. ल्हासाच्या 3,650 मीटर उंचीसाठी वाढलेले केस म्हापशाच्या दमट मे महिन्यात कात्रीखाली जातात. भुंकणं मात्र पाहुणा बसून चहा संपवेपर्यंत चालूच राहतं.