आयईएल्टीएसचा निबंध : तपासणी आणि अभिप्राय

आयईएल्टीएस या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेत लेखनाचा दुसरा प्रश्न म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. त्यासाठी सुमारे ४० मिनिटे सुचवलेली असतात आणि त्याचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असते. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांना समान महत्त्व आहे. साहजिकच केवळ व्याकरणावर लाल शाई फिरवणारा शिक्षक निबंधाचा पाव भागच तपासतो. दोन्ही मतांची चर्चा मागितलेली असताना विद्यार्थ्याने एकच बाजू लढवली, तर निर्दोष वाक्येही त्याला फारशी तारत नाहीत. पाठ केलेल्या ठोकळेबाज वाक्यांचेही तसेच.

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या काही चुका मातृभाषेच्या वळणातून येतात. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, म्हणून ‘द’ गळतो. ‘विषयाबद्दल चर्चा करणे’ या सवयीने ‘डिस्कस’पुढे अनावश्यक ‘अबाउट’ येते. शिक्षकाने अशी चूक परस्पर दुरुस्त केली, तर तेवढा निबंध सुधारतो. पुढच्या निबंधात ती पुन्हा दिसते. चूक अधोरेखित करून, तिचे कारण सांगून, तोच परिच्छेद विद्यार्थ्याकडून पुन्हा लिहवून घेणे अधिक फलदायी. हे काम अर्थातच वेळखाऊ आहे. परीक्षा तोंडावर आली असल्यास एका निबंधात एकाच प्रकारची चूक हाती घ्यावी.